अवघड जागेसाठी कंद आणि झाडं: कुठली निवडायची, कशी हलवायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

झाडाखालची काळोखी जागा, पाऊस थांबला तरी चिखल तसाच राहणारा कोपरा, भिंतीलगतची भाजून निघणारी पट्टी, माती सुटत जाणारा उतार. या जागांबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून सगळे एकत्र घेतलेत. उत्तरात महिन्यांची नावं मुद्दाम टाळलीत, कारण कोणाकडे बर्फ पडतो आणि कोणाकडे कधी थंडीच नसते, त्यामुळे झाड कुठल्या अवस्थेत आहे त्यावरून सांगितलंय.

अवघड जागेत काय लावू, एका वाक्यात सांगा ना?

त्या जागेचा जो वाईट काळ आहे तोच ज्या झाडाच्या झोपेचा काळ आहे, असं झाड लावा.

म्हणजे नक्की काय?

कुठलीच जागा बाराही महिने वाईट नसते. पानगळीच्या झाडाखाली दाट सावली असते पण ती पानं असतील तेव्हाच, पानं गळली की तिथे ऊन येतं. उतारावरची माती पावसाळा सोडला तर कोरडी ठणठणीत, आणि खड्ड्यातली जागा पावसाळ्यात तुंबते पण नंतर छान ओल धरते. आता कंद कशासाठी असतो ते बघा. वर्षातले काही महिने जगणं अवघड आहे म्हणून झाड सगळा साठा जमिनीखाली गोळा करतं आणि वरचा पसारा आवरून घेतं. ट्युलिपचं मूळ मध्य आशियातल्या डोंगरांत, तिथे उन्हाळा कोरडा आणि कडक, म्हणून तो उन्हाळाभर जमिनीत झोपतो आणि बर्फ वितळलं की घाईघाईत फुलून मोकळा होतो. स्नोड्रॉप जंगलातला, तो वरच्या झाडांना पानं फुटायच्या आधीच आपलं काम उरकतो. रेन लिलीची तर पाऊस पडून गेला की काही दिवसांतच फुलं वर येतात. म्हणून कंद निवडताना फुलाच्या रंगाआधी विचारायचं, हा कधी जागा असतो आणि कधी झोपतो, आणि तोच प्रश्न जागेलाही विचारायचा, ही कधी चांगली असते आणि कधी वाईट. दोन्ही उत्तरं जुळली तर खताची, औषधाची फार गरज पडत नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी इंग्लंडमधल्या बेथ चॅटो यांच्या खडीच्या बागेची माहिती जरूर वाचावी. एसेक्समध्ये कमी पावसाच्या भागात, जिथे आधी गाड्या उभ्या राहायच्या त्या खडकाळ जागेवर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ती केली आणि ठरवून तिला पाणी द्यायचं नाही असं केलं. कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशातली झाडं आणि कंद निवडले म्हणून ती जगली.

जागा कशी तपासायची?

तीन गोष्टी बघा. ऊन, पाणी, माती.

ऊन एका दिवसात कळत नाही, सूर्याची वाट वर्षभरात सरकते आणि शेजारच्या झाडाची पानं येतात जातात, त्यामुळे निदान दोन वेगळ्या मोसमांत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी फोटो काढून ठेवा. सहा तास किंवा जास्त थेट ऊन म्हणजे फुल सन, तीन ते सहा म्हणजे सेमी-शेड, त्याहून कमी ती शेड. सकाळचं ऊन आणि दुपारचं ऊन यात मात्र फार फरक आहे, तीन तास सकाळचं ऊन कोवळ्या पानांच्या झाडाला मानवतं, तेच तीन तास दुपारी मिळाले तर पानं करपतात.

पाण्यासाठी साधारण ३० सेंमी खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि आता तासाला किती पाणी उतरतं ते पट्टीने मोजा. दुसऱ्यांदा भरायचं कारण म्हणजे कोरडी माती पहिलं पाणी पटकन पिते आणि चुकीचं उत्तर मिळतं. तासाला अडीच ते पाच सेंमी उतरलं तर बहुतेक सगळं लावता येतं, अडीचच्या खाली गेलं तर ड्रेनेज कमी आहे असं समजा, आणि पाणी बघता बघता गायब होत असेल तर ती जागा कायम तहानलेली राहणार.

मातीसाठी ओली माती मुठीत दाबा आणि बोटांमध्ये पट्टी काढून बघा. लांब न तुटणारी पट्टी निघाली तर चिकण, लगेच सुटली तर वाळूची. त्याशिवाय पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, तपासून घेणं चांगलं, विशेषतः भिंतीजवळ, कारण चुना आणि सिमेंट झिरपून तिथली माती अल्कधर्मी झालेली असू शकते आणि मग अझालिया, कॅमेलियासारखी आम्लधर्मी माती लागणारी झाडं पिवळी पडतात. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं दिसलं तर बऱ्याचदा लोह शोषलं जात नसतं. अशा वेळी नुसतं खत वाढवून काही होत नाही.

चिकण मातीत वाळू मिसळली की काम होतं ना?

थोडी वाळू मिसळली तर उलट घट्ट होते. बारीक कणांच्या मध्ये वाळूचे दाणे अडकतात आणि वाळल्यावर माती विटेसारखी होते. वाळूने फरक पडायला ती जवळजवळ मातीएवढीच घालावी लागते, ते मोठ्या वाफ्यात परवडत नाही. त्यापेक्षा कुजलेलं कंपोस्ट, पालापाचोळ्याचं खत दरवर्षी वरून घालत राहा, गांडुळं ते खाली नेतात. घाई असेल तर वाफाच २० ते ३० सेंमी उंच करा.

आणखी एक, कडक चिकण मातीत एकच खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली तर आजूबाजूचं सगळं पाणी त्याच खड्ड्यात येऊन बसतं. कंद बिचारा पाण्यात. म्हणून सुधारायचा तर पूर्ण वाफा सुधारा, नाहीतर आहे त्या मातीत चालणारंच झाड लावा. खड्ड्याच्या किंवा कुंडीच्या तळाला खडे टाकूनही ड्रेनेज सुधारत नाही, पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत लगेच उतरत नाही, ते वरच्या थरातच अडून राहतं.

पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात कुठले कंद चालतील?

बहुतेक कंद ओल्या मातीत सडतात हे खरं, पण सगळे नाही. कर्दळ आणि सोनटक्का दोघेही ओल्या जागेतच खूश असतात, सोनटक्क्याला थोडी सावलीही चालते. पांढरी कॅला लिली उथळ पाण्यात उभी राहून फुलते, मात्र तिच्या रंगीत जाती तशा नाहीत हं, त्यांना निचरा लागतो आणि इथे बऱ्याच जणांची फसगत होते. पांढऱ्या पाकळ्यांची स्पायडर लिली ओल, सावली आणि खारं वारं तिन्ही सोसते, मला वाटतं गरम प्रदेशातल्या अवघड जागेसाठी तिच्याइतकं भरवशाचं फारसं काही नाही. थंड प्रदेशात कमासिया, समर स्नोफ्लेक आणि चौकटीच्या नक्षीची फ्रिटिलारिया ही ओल्या कुरणांमधली आहेत, त्यांना वसंतातली ओल हवीच असते.

पण यातली काही झाडं इतकी खूश होतात की पसरत सुटतात. सोनटक्का आणि पांढरी कॅला काही देशांत आक्रमक वनस्पती म्हणून डोकेदुखी झाल्यात, ओढ्याकाठी गेल्या की स्थानिक झाडांना जागाच उरत नाही. तुमच्या भागातली आक्रमक झाडांची यादी बघून मगच लावा, आणि काढलेले तुकडे ओढ्यानाल्यात कधीच टाकू नका.

मोठ्या झाडाखाली काहीच जगत नाही, काय करू?

आधी हे समजून घ्या की तिथे सावलीपेक्षा पाण्याची मारामारी जास्त असते. झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या ३० ते ६० सेंमी मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. वरून फांद्या पाऊस अडवतात, खालून मुळं ओढून घेतात, म्हणून याला कोरडी सावली म्हणतात आणि बागेतली सगळ्यात अवघड जागा हीच.

झाड पानगळीचं असेल तर नशीब चांगलं. सायक्लॅमेन हेडरिफोलियम पानगळीच्या सुमाराला फुलतो, हिवाळाभर सुंदर नक्षीची पानं घेऊन बसतो आणि उन्हाळ्यात झाड सगळं पाणी पीत असतं तेव्हा हा झोपलेला असतो. स्नोड्रॉप, विंटर अ‍ॅकोनाइट, वुड अ‍ॅनिमोन यांचंही गणित तेच. गरम प्रदेशातल्या सदाहरित झाडाखाली ही मोकळीक मिळत नाही, तिथे कॅलॅडियम, फुटबॉल लिली, स्पायडर लिली असं सावली सोसणारं बघा, आणि पहिली दोन वर्षं पाणी द्यायची तयारी ठेवा.

लावताना लहान रोपं आणि लहान कंद घ्या, मुळांच्या मधल्या फटींत बोटाएवढ्या खुरप्याने जागा करून बसवा. मनगटाएवढं मूळ लागलं तर तोडू नका, बाजूला सरका. मुळांवर मातीचा जाड थर टाकून नवा वाफा करायचा मोह खूप जणांना होतो, तो टाळा, मुळांना हवा मिळत नाही आणि काही वर्षांनी मोठं झाडच वठायला लागतं. काळ्या अक्रोडाखाली तर आणखीच सांभाळून, त्याच्या मुळांतून जुग्लोन नावाचं द्रव्य जमिनीत येतं आणि काही झाडांना ते सोसत नाही.

भिंतीलगतची कोरडी, तापणारी पट्टी?

भिंतीपासून साधारण ४५ ते ५० सेंमीपर्यंत पाऊस पोचतच नाही, वर छज्जा असेल तर आणखी कमी. दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडते. पण हीच जागा काही कंदांना वरदान असते, बेलाडोना लिली आणि स्टर्नबर्गिया यांना झोपेत असताना भाजणारी कोरडी माती मिळाली तरच ते मनासारखे फुलतात. ट्युलिपच्या रानटी जाती, दाढीवाला आयरिस, अगापँथस, क्रायनम हेही बघा. तहान लागणारं काही लावायचंच असेल तर भिंतीपासून अर्धा मीटर पुढे लावा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

उतारावर माती वाहून जाते.

नुसते कंद लावून उतार धरला जात नाही, कारण ते झोपले की वर काहीच उरत नाही. सोबत पसरणारं, मुळं धरणारं ग्राउंडकव्हर किंवा गवताचे ठोंब हवेतच. प्रत्येक झाडाच्या खालच्या बाजूला अर्धगोल बांध घालून आळं करा म्हणजे पाणी थांबेल. सगळा उतार एकदम खणू नका, खिसे खणून लावा. उताराच्या तळाशी थंड हवा खाली येऊन साचते आणि तिथे दाट कुंपण किंवा भिंत असेल तर ती अडून बसते, त्यामुळे गारठा न सोसणारं काही तिथे नको.

वारा फार आहे, समुद्र जवळ आहे.

भक्कम भिंतीने वारा थांबत नाही, तो वरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो. साधारण निम्मा वारा आरपार जाऊ देणारं कुंपण किंवा जाळी जास्त चांगली, तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी थोडाफार फायदा मिळतो. कंदांत बुटक्या जाती निवडा. उंच ग्लॅडिओलस, डेलिया वाऱ्यात आधाराशिवाय टिकत नाहीत. खाऱ्या वाऱ्यासाठी स्पायडर लिली, अगापँथस, आणि वाळूतच वाढणारा सी डॅफोडिल, म्हणजे पँक्रेशियम मॅरिटिमम, हे बघा, शेवटचं तर भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरचंच झाड आहे.

आमच्याकडे थंडीच पडत नाही, ट्युलिप येतील का?

एका मोसमापुरते येतील. ट्युलिपला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालचा गारवा मिळाल्याशिवाय फुलाचा दांडा नीट लांबत नाही. फ्रीजमध्ये कागदी पिशवीत ठेवून हा गारवा देता येतो, पण शेजारी सफरचंद किंवा पिकणारी फळं नकोत, त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. एवढं करूनही पुढच्या वर्षी पुन्हा फुलेल ही आशा धरू नका. खरं सांगायचं तर गरम प्रदेशात ट्युलिपच्या मागे लागण्यापेक्षा अमॅरिलिस, रेन लिली, निशिगंध, फुटबॉल लिली यांना जागा द्या, ती वर्षानुवर्षं राहतात. डॅफोडिलचीच हौस असेल तर पेपरव्हाइट घ्या, त्याला गारवा लागत नाही.

कंद विकत घेताना काय बघायचं?

हातात जड लागला पाहिजे, दाबल्यावर घट्ट, आणि तळाचा जो भाग आहे जिथून मुळं येतात तो कोरडा आणि न कुजलेला. मऊ, बुरशीचा वास येणारा, हलका फुलका कंद स्वस्त मिळाला तरी नको, तो दुसऱ्यांनाही रोग देतो. एकाच जातीत मोठा कंद घ्या, फूल आतल्या साठ्यावर येतं. खऱ्या लिलीच्या (म्हणजे लिलियम, रेन लिली किंवा स्पायडर लिलीसारखी नुसती नावाची लिली नव्हे) कंदाला वरचं कोरडं साल नसतं त्यामुळे तो उघड्यावर लगेच सुकतो, ओलसर भुश्यात ठेवलेलाच घ्या आणि आणल्या आणल्या लावा. आणि कंद रानातून उपटून आणलेला नाही ना, नर्सरीत वाढवलेला आहे ना हे विचाराच, स्नोड्रॉप आणि सायक्लॅमेनच्या रानातल्या वस्त्या अशाच उपशामुळे धोक्यात आल्या म्हणून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराखाली नियंत्रण आहे.

किती खोल लावायचा?

कंदाच्या उंचीच्या दोन ते तीनपट. हलक्या मातीत थोडा जास्त खोल, चिकण मातीत थोडा वर. याला अपवाद आहेत आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत: अमॅरिलिसची मान मातीच्या वर हवी, दाढीवाल्या आयरिसच्या आडव्या खोडाची पाठ उन्हाला दिसली पाहिजे, सायक्लॅमेन जेमतेम झाकायचा, मॅडोना लिली इतर लिलींसारखी खोल लावायची नाही, दोन-चार सेंमी माती पुरे. थोडं खोलीचं चुकलं तरी घाबरू नका, बऱ्याच कंदांना आकसणारी मुळं असतात आणि ती कंदाला हळूहळू हव्या त्या खोलीवर ओढून नेतात.

लावलेले कंद दुसरीकडे हलवायचेत, कधी काढू?

पानं पिवळी पडून लोळायला लागली की. तेव्हा साठा कंदात उतरलेला असतो आणि कंद कुठे आहे तेही दिसतं. पानं पूर्ण नाहीशी व्हायची वाट बघितली तर मग अंदाजाने खणावं लागतं आणि कुदळ बरोब्बर कंदावर पडते. आत्ता फुलत असतील तेव्हाच जागेवर काडी रोवून, रंग लिहून ठेवा.

पण हा नियम सगळ्यांना लागू नाही. स्नोड्रॉप सुकला की त्याला पुन्हा लागायला त्रास होतो, म्हणून तो फूल गेल्यावर पानं हिरवी असतानाच गठ्ठ्याने काढून, सुटा करून लगेच लावतात. दाढीवाला आयरिस फुलून गेल्यावर साधारण सहा आठवड्यांनी. डेलिया थंड प्रदेशात दव गोठून पानं काळी पडल्यावर, आणि तिचे गड्डे सोडवताना प्रत्येक गड्ड्याला वरच्या खोडाचा डोळा असलेला तुकडा पाहिजे, डोळा नसलेला गड्डा कितीही टपोरा असला तरी फुटत नाही. कळलावीचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा कंद तर फारच ठिसूळ, त्याच्या प्रत्येक हाताला टोकाशीच कोंब असतो, टोक मोडलं की तो हात गेला. सावकाश, हातानेच माती बाजूला करत काढा. क्रायनमचा कंद खूप खोल जातो आणि हलवल्यावर वर्ष-दोन वर्षं रुसतो, त्याची जागा पहिल्यांदाच नीट ठरवा.

काढताना खुरप्यापेक्षा दात्यांचा फावडा बरा. कंदापासून हातभर लांब घालून खालून उचला. पिल्लं, म्हणजे मोठ्या कंदाला फुटलेले छोटे कंद, आपोआप सुटली तर वेगळी करा, ओढून तोडू नका, जखमेतून कुज शिरते. जुन्या जागेत ट्युलिपला करपा पडला असेल, म्हणजे पानं वाकडी येऊन भाजल्यासारखे डाग, तर ते कंद हलवूच नका, नष्ट करा आणि तिथे निदान तीन वर्षं ट्युलिप नको.

फुलं गेली, पानं घाणेरडी दिसतात, कापू का?

नाही. फुलानंतर निदान सहा आठवडे पानं हवीतच, पुढच्या वर्षीचं फूल तीच तयार करतात. गाठी मारून, रबर लावून गुंडाळूही नका, ऊन लागत नाही. वाळकी फुलं मात्र काढा. दिसणं खटकत असेल तर पुढे उशिरा वाढणारं काही लावा म्हणजे पानं झाकली जातात.

नुसती पानं येतात, फुलच नाही.

बऱ्याचदा दाटी झालेली असते. किंवा कंद फार वर आहे, गेल्या वर्षी पानं लवकर कापली, सावली वाढली, नाहीतर झोपेच्या काळात पाणी मिळत राहिलं. अमॅरिलिसमध्ये शेवटचं कारण फार दिसतं, कुंडीला वर्षभर प्रेमाने पाणी घातलं जातं आणि त्याला कोरडा आराम मिळतच नाही. दाटी असेल तर पानं पिवळी पडताना गठ्ठा काढून सुटा करा. नेरीन आणि अगापँथस मात्र दाटीतच चांगले फुलतात, त्यांना उगाच हलवू नका.

मोठं झुडूप हलवायचंय, जगेल का?

किती वर्षांचं आहे यावर बरंच आहे. दोन-तीन वर्षांचं सहज जगतं, जुनं झालं की खात्री कमी होत जाते. पानगळीचं असेल तर पानं नसताना, सदाहरित असेल तर माती अजून ऊबदार आणि हवा थंड होत असताना किंवा पावसाच्या तोंडावर. कडक उन्हात किंवा नवी पालवी फुटत असताना नाही.

वेळ हातात असेल तर सहा महिने ते वर्षभर आधी मुळं छाटून ठेवा, म्हणजे जेवढा गोळा काढायचा तेवढ्या घेरावर धारदार फावड्याने खाली काप मारायचे, जागच्या जागी. आतल्या बाजूला नवी बारीक मुळं फुटतात आणि तीच पुढे झाड जगवतात. गोळ्याचा आकार खोडाच्या जाडीच्या दहा ते बारापट रुंद धरा, खोड २.५ सेंमी असेल तर गोळा २५ ते ३० सेंमी. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, ओल्या मातीचा गोळा फुटत नाही. नवा खड्डा आधी तयार पाहिजे, गोळ्याच्या दुप्पट रुंद पण खोली तेवढीच. पूर्वी जमिनीची रेष खोडावर जिथे होती तिथेच आली पाहिजे, खोल पुरलेलं झाड वर्ष-दोन वर्षांनी कारण न कळता मरतं. खोड धरून कधी उचलू नका, गोणपाट किंवा जाड कापड गोळ्याखाली सरकवून त्यावरून ओढा.

मुळं कमी झाली म्हणून वरून अर्धं छाटायची पद्धत आता फारशी सांगत नाहीत, पानं आणि कोंबच नव्या मुळांना अन्न आणि इशारा देतात. मोडलेल्या, वाळलेल्या फांद्या तेवढ्या काढा. लगेच खत नको. आठवड्यातून एक-दोनदा खोल पाणी, वर पाच-सात सेंमी आच्छादन, खोडाला चिकटू न देता.

कुठली झाडं हलवूच नयेत?

सोटमूळ खोल जाणारी. ल्युपिन, जिप्सोफिला, एरिंजियम, सिस्टस, ब्रूम, आणि वय झालेली मॅग्नोलिया, तिची मुळं मांसल असतात आणि तुटली की लवकर भरून येत नाहीत. अशांच्या बिया किंवा काड्या घेऊन नवीन रोप करणं सोपं.

हलवल्यावर झाडाने मान टाकली, पाणी वाढवू?

आधी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा. ओली असेल तर पाणी नकोच, मुळं कमी आहेत म्हणून पितच नाहीये, वरून आणखी घातलं तर सडेल. अशा वेळी पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी शेडनेट बांधा, वारा अडवा. दुपारी मान टाकून सकाळी ताठ होत असेल तर काळजी नाही. खालची जुनी पानं गळणं चालतं, शेंडा वाळला तर मात्र साल नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर थांबा.

काढलेले कंद कसे साठवू?

सगळ्यांना एक पद्धत नाही. ग्लॅडिओलस दोन-तीन आठवडे हवेशीर, ऊबदार जागी वाळवा, खालचा जुना सुकलेला गड्डा तोडून टाका आणि जाळीत टांगा. ट्युलिपही कोरडे, हवेशीर. डेलिया आणि कर्दळ पूर्ण कोरडी झाली तर सुरकुतते, म्हणून किंचित ओलसर कोकोपीटमध्ये, थंड पण न गोठणाऱ्या जागी. कॅलॅडियमला १५ अंशांखाली नेऊ नका. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कुठलाच कंद नको. महिन्यातून एकदा चाचपून मऊ झालेले काढा.

उंदीर, खारी कंद उकरून खातात.

ट्युलिप आणि क्रोकस त्यांच्या आवडीचे. डॅफोडिल आणि स्नोड्रॉप विषारी असल्याने त्यांना सोडून देतात (स्नोड्रॉपच्या कुळातल्या याच द्रव्यांपैकी गॅलँटामिन स्मृतिभ्रंशाच्या औषधात वापरतात). बाकीच्यांसाठी लावल्यावर वर बारीक तारेची जाळी अंथरून पाचोळा टाका, कोंब त्यातून येतात. लावताना सांडलेली सालं उचला, त्या वासानेच ते उकरतात.

घरात मांजर, लहान मूल आहे. काय टाळू?

मांजर असेल तर खरी लिली आणि डे-लिली घरात नको आणि बागेतही नको. परागकण अंगाला लागून चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यालं तरी तिच्या मूत्रपिंडाला जीवघेणी इजा होते. शंका आली की लक्षणांची वाट न बघता तडक पशुवैद्याकडे. कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसीन नावाचं विष असतं, कंदात विशेष, तिला मुलांच्या हाताशी लावू नका. कंद खाण्याच्या वस्तूंजवळ साठवू नका आणि हाताळताना ग्लोव्ह्ज घाला, हायसिंथने अनेकांना खाज सुटते.

घर बदलतोय, मोसम चुकीचा आहे पण झाडं आत्ताच न्यायचीत. काही उपाय?

आहे. आधी ठरवा की सगळी नेणार नाही, जी पुन्हा मिळणार नाहीत तीच निवडा आणि बाकीच्यांच्या काड्या, बिया, पिल्लं घ्या. पानांवर असलेले कंद माती न झाडता गठ्ठ्याने उचलून खोल कुंडीत बसवा, म्हणजे त्यांना कळतही नाही, आणि पानं पिवळी पडेपर्यंत तिथेच वाढू द्या, नंतर सुटे करा. भर फुलात असलेल्या झाडाची फुलं, कळ्या तोडा, मन होत नाही पण ती ताकद मुळांना लागते. काम संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. गाडीतून नेताना कुंड्या घट्ट बसवा आणि पानांना वारा लागू देऊ नका, उघड्या गाडीतला तासाभराचा वारा आठवड्याच्या उन्हाएवढं नुकसान करतो असं समजा आणि ओलं कापड गुंडाळा. देशाबाहेर किंवा दुसऱ्या राज्यात नेत असाल तर माती आणि रोपांवर बंधनं असतात, आधी चौकशी करा.

नव्या घरी पोचल्यावर लगेच जमिनीत लावू नका. कुंड्या सावलीत एकत्र ठेवा, निदान एक मोसम तशाच जाऊ द्या आणि तोवर नवीन जागेत ऊन कुठे फिरतं, पाणी कुठे साचतं, जमिनीतून आधीच्या लोकांनी लावलेलं काय वर येतंय ते बघत राहा. झोपलेले कंद दिसत नसतात, त्यामुळे रिकामा वाटणारा वाफा खणण्याआधी तर नक्कीच.